शालेय नाटिकांतील खोटे अन्न

प्राथमिक शाळांच्या स्नेहसंमेलनात ज्या नाटिका बसविल्या जातात, त्यांपैकी बहुतेकींत कोठे ना कोठे खाण्याजेवणाचा प्रसंग येतोच. बालकृष्ण शिंक्यावरचे लोणी चोरतो. भोपळ्यातून प्रवास करणारी म्हातारी लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन परतते. धांदरट सुनेच्या हातून वरणाचे पातेले कलंडते. लग्नाच्या पंगतीत एखादा खादाड पाहुणा अंगरख्यावर आमरस सांडून घेतो. असे प्रसंग मुलांना मनापासून आवडतात व प्रेक्षकांनाही आवडतात. परंतु वेष, पडदा आणि ध्वनिक्षेपक यांची जुळवाजुळव महिनाभर आधी सुरू होते, आणि अन्नाचा विचार मात्र प्रयोगाच्या दिवशी दिवेलागणीला होतो. मग कोणाच्या तरी घरून एक पातेले मागविले जाते. ते रिकामे असले, तर मुलगा हवेचाच घास घेतो व गंभीर प्रसंगी पुढे बसलेली लहान मुले खो-खो हसतात. ते भरलेले असले, तर अडचण त्याहून मोठी असते.

ती अडचण समजून घेण्यासाठी पूर्णा तालुक्यातील एखाद्या खेड्याचे संमेलन डोळ्यांपुढे आणावे. पूर्णा हे गाव परभणी, नांदेड व हिंगोली-अकोला या तीन दिशांचे लोहमार्ग एकत्र येणारे जंक्शन. भोवतालची खेडी मात्र काळ्या जमिनीची. ज्वारी, कापूस, तूर व हळद पिकविणारी. संमेलन बहुधा जानेवारीत, शाळेच्या ओट्यावर. पुढच्या सतरंजीवर बालवाडीची मुले, त्यांच्या मागे स्त्रिया, आणि बाजूला बाकांवर गावातील वयोवृद्ध मंडळी. या वृद्धांपैकी अनेकांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. दुष्काळी कामांवर त्यांनी खडी फोडली आहे. सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीवर दिवस काढले आहेत. अशा माणसांच्या समोर शिजलेल्या भाताचे पातेले पालथे झाले आणि पुढच्या प्रवेशातील पात्रे त्यावरून चालत गेली, तर हशा पिकत नाही. बाकांवरची मंडळी गप्प होतात आणि प्रयोगाचा रंग जो जातो, तो परत येत नाही. अन्न पायदळी तुडविले जाणे ही गोष्ट आपल्याकडे विनोदाच्या सबबीवरही खपत नाही, आणि खपू नये हेच बरे.

दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. प्राथमिक शाळांतील पोषण आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरड्या धान्याऐवजी शिजविलेले अन्न द्यावे असा आदेश दिला, आणि त्यानंतर खिचडी ही शाळेतील नित्याची गोष्ट झाली. त्यामुळे खिचडी कशी दिसते, पळीवरून कशी घसरते, ताटाला कशी चिकटते हे आज पहिलीतील मुलालाही तोंडपाठ आहे. लाकडाच्या भुशाचा कोरडा ढीग दाखवून त्याला कोणी खिचडी म्हणाले, तर ते मूल मान्य करणार नाही. म्हणजे खोटे अन्न वापरावयाचे ठरले, तरी ते चांगले खोटे असले पाहिजे. आणि ते करताना पोषण आहाराच्या कोठीतील एक मूठही धान्य नाटकाकडे वळता कामा नये. त्या तांदळाला हिशेब आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची वाट पाहणारे पोट आहे.

या दोन्ही अडचणींतून एक साधा नियम निघतो: जे तोंडात जाणार ते खरे, स्वच्छ व थोडे असावे, जे सांडणार, माखणार अथवा फेकले जाणार ते खोटे असावे. या नियमाचा विसर पडला की एक तर अन्न वाया जाते, नाही तर मुलाच्या पोटात नको ती वस्तू जाते. खाली दिलेल्या सर्व कृती याच नियमावर आधारलेल्या आहेत.

मात्र प्रत्येक वेळी खोटे अन्न करावेच लागते असे नाही. तमाशातील गवळणीत राधा आणि तिच्या सख्या दूधदही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावर थेंबभरही दूध नसते. कधी तर मडकेही नसते. डोक्यापाशी नेलेल्या हाताच्या वळणावरून मडके कळते. प्रेक्षक ते आनंदाने मानतात, कारण त्या दुधाला कोणी हात लावणार नसतो. गोष्ट ज्या क्षणी दुधाच्या सांडण्यावर येऊन ठेपते, त्या क्षणी मात्र काहीतरी सांडलेच पाहिजे. नाटिका निवडल्यावर शिक्षकांनी प्रथम हेच पाहावे की, अन्न नुसते ‘असावयाचे’ आहे की त्याने काही ‘घडावयाचे’ आहे. नुसते असावयाचे असल्यास झाकलेले पातेले पुरते.

उलट, सर्व काही खरेच पाहिजे हा हव्यासही परवडणारा नव्हे. गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर भारी गालिचे, उंची वस्त्रे व अत्तरे यांची रेलचेल केली आणि ते वैभव लोकांनी डोळे भरून पाहिले. पण त्याच मंडळीला कर्जाच्या ओझ्याखालीही राहावे लागले. शाळेच्या संमेलनाचा निधी किती असतो, हे शिक्षकांना सांगावयास नको.

खिचडीचा प्रसंग

मराठी शाळांतून पुन्हा पुन्हा होणारी एक नाटिका म्हणजे शिवाजीमहाराज व म्हातारी यांची. वेष पालटून फिरणारे महाराज एका झोपडीत उतरतात. म्हातारी गरम खिचडी वाढते. भुकेलेला पाहुणा मध्येच हात घालतो व चटका बसून हात झटकतो. म्हातारी त्याला कडेकडेने खाण्यास सांगते, आणि त्यावरून महाराजांना मुलूख कसा जिंकावा याची युक्ती सुचते. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, हे मुलांना अवश्य सांगावे. बाराव्या शतकात हेमचंद्राने रचलेल्या ‘परिशिष्टपर्व’ या जैन ग्रंथात अशीच कथा चाणक्याच्या संदर्भात आली आहे. तेथे गरम पेजेत हात घालून पोळून घेणारे एक मूल आहे. एकच कथा दोन थोर पुरुषांना चिकटावी यावरून वरच्या वर्गांत चांगली चर्चा होऊ शकेल.

नाट्यदृष्ट्या हा प्रसंग कसोटीचा आहे. खिचडी गरम वाटली पाहिजे, तीत हात घातला गेला पाहिजे, आणि हात झटकल्यावर ती खाली पडली पाहिजे. येथे जे साधेल, ते इतरत्र सहज साधेल. म्हणून त्याची कृती विस्ताराने दिली आहे.

भाताच्या शितांसाठी ज्वारीच्या धाटातील भेंड हा उत्तम पदार्थ आहे. या भागातील मुले त्याच भेंडाच्या बैलगाड्या करतात. तेव्हा तो कसा सोलावा हे त्यांना शिकवावे लागत नाही. जानेवारीत रब्बीची ज्वारी शेतात उभी असते. यास्तव मागील वर्षाच्या कडब्यातील जाड, वाळलेली धाटे निवडावीत. धाटाची साल पात्यासारखी कापते, म्हणून सोलण्याचे काम शिक्षकांनी अथवा मोठ्या मुलांनी करावे. आतील पांढऱ्या गाभ्याचे खऱ्या शितापेक्षा दुप्पट आकाराचे तुकडे करावेत. खऱ्या मापाचे शीत दहा-पंधरा हातांवरून दिसत नाही. सगळे मिळून नुसता पिवळा गोळा दिसतो. कोमट पाण्यात हळद कालवून त्यात हे तुकडे रात्रभर बुडवून ठेवावेत व नंतर सावलीत वाळवावेत. उन्हात वाळविल्यास हळदीचा रंग उडतो. थोडे तुकडे गेरूच्या पाण्यात बुडवून घेतले व त्यांत मिसळले की मटकी घातल्यासारखी दिसते. आठवडाभर आधी केलेले हे तुकडे डब्यात कितीही दिवस राहतात.

भेंडात एक दोष आहे. तो अतिशय हलका असतो. हात झटकला की त्याचे तुकडे पिसांसारखे तरंगत खाली येतात आणि सारे सोंग उघडे पडते. म्हणून त्यास खळीने बांधावे लागते. एक वाटी मैदा प्रथम थोड्या थंड पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा, मग एकूण सहा वाट्या पाणी होईल इतक्या उकळत्या पाण्यात ओतून सतत ढवळावे. चकाकी येऊन खळ दाट झाली की उतरून पूर्ण थंड करावी. ही खळ त्याच दिवशी सकाळी करावी. दुसऱ्या दिवशी तिला वास येऊ लागतो. बाजारात अथवा पुस्तके बांधणाऱ्याकडे मिळणारी तयार खळ मात्र कधीही आणू नये. कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालण्याची रीत आहे, आणि मोरचूद विषारी असते.

खळीत भेंड कालवल्यावर त्याचे लहान गोळे जमतात. तरीही एक उणीव राहते: पडताना आवाज होत नाही. खरी खिचडी जमिनीवर पडते तेव्हा ‘थप्’ असा ओला आवाज होतो, आणि प्रेक्षकांचा निम्मा विश्वास त्या आवाजावर असतो. त्यासाठी दोन-तीन गोळ्यांच्या पोटात बोटभर लांबीची ओली चिंधी गुंडाळून ठेवावी. वजन येते, आवाजही येतो. महाराजांचे काम करणाऱ्या मुलाने नेमके तेच गोळे उचलावेत, म्हणून ते परातीच्या मध्यभागी ठेवावेत.

परात खोल नसावी. तिच्या मध्यभागी एक वाटी पालथी घालून ओल्या मातीने चिकटवावी व तिच्यावरून खिचडी पसरावी. त्यामुळे ढीग उंच दिसतो आणि पदार्थ निम्माच लागतो. परातीची प्रेक्षकांकडील बाजू वितभर उंच टेकवून ठेवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसे केल्यास सगळा ढीग झाकला जातो. उलट मागील बाजू किंचित उचललेली असावी.

या परातीतील पात्राकडच्या कडेला पळसाच्या पानाचा एक तुकडा ठेवून त्यावर दुधात भिजविलेले हळदीचे पोहे दोन घास ठेवावेत. तोंडात जाणारा घास फक्त तेथूनच घ्यावयाचा. हा घास लहान असावा आणि तो गिळल्याखेरीज संवाद बोलू नये. घास तोंडात असता बोलण्याने ठसका लागतो व घाबरलेले मूल रंगमंचावर अधिकच घाबरते. तालमीत हा क्रम प्रत्यक्ष पोह्यांनिशी निदान तीनदा करून घ्यावा. ‘त्या दिवशी करू’ असे म्हटलेली गोष्ट त्या दिवशी हमखास चुकते.

आता उष्णतेविषयी. काही ठिकाणी परातीमागे उदबत्त्या पेटवून वाफ दाखविण्याचा प्रयत्न होतो. कागद, कापूस, कडबा व सुती पडदे यांनी भरलेल्या ओट्यावर हे करू नये. खरी गरम खिचडी ठेवण्याचा तर विचारही करू नये. अंधारात, घाईत, दहा वर्षांच्या मुलाच्या हाती गरम पातेले देणे म्हणजे अपघातास बोलावणे होय. उष्णता ही वस्तूत नसून पात्रांच्या वागण्यात असते. म्हातारीने पातेले पदराने धरावे, दोनदा हात बदलावा, ते टेकविताच बोटे कानाच्या पाळीला लावावीत. झाकण काढताना तोंड मागे घ्यावे. एवढे झाले की पाहुण्याने हात घालण्यापूर्वीच प्रेक्षकांतील बायका ‘अगं बाई’ म्हणू लागतात. जेथे मुले हे नीट करतात, तेथे वाफ नाही हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

जपानमधील उपाहारगृहांच्या दर्शनी कपाटांत खोटे पदार्थ मांडण्याची पद्धत आहे. ताकिझो इवासाकी यांनी १९३२ मध्ये ओसाका येथे मेणाचे असे पदार्थ करण्याचा धंदा सुरू केला. पुढे मेणाची जागा प्लॅस्टिकने घेतली. ते पदार्थ हातभर अंतरावरूनही खरे वाटतात, कारण त्यांना हलावयाचे नसते. नाटकातील अन्नाचे गणित याच्या नेमके उलट आहे. ते जवळून कसे दिसते याला महत्त्व नाही. ते कसे उचलले जाते, कसे ओघळते व कसे पडते याला आहे. म्हणून एखादा चित्रकार शिक्षक सुबक रंगविलेले मातीचे लाडू आणून देईल, ते पंगतीच्या मांडणीसाठी ठेवावेत. पण ज्या लाडवाचा चुरा व्हावयाचा आहे तो मातीचा असून चालणार नाही.

वरण, पिठले, आमरस

पातळ पदार्थांचा पाया खळच आहे. वरणासाठी ती दुप्पट पाणी घालून सैल करावी व हळद घालावी. विजेच्या पांढऱ्या शुभ्र दिव्याखाली फिकट पिवळा रंग जवळजवळ पांढरा दिसतो. म्हणून रंग डोळ्यांना भडक वाटेल इतका गडद करावा. पूर्वी गॅसबत्तीच्या पिवळसर उजेडात कमी रंगही पुरत असे. जुन्या अनुभवी शिक्षकांचा अंदाज येथेच चुकतो. झणझणीत रश्श्यासाठी खळीत गेरू घालावा आणि अगदी शेवटी चमचाभर गोडे तेल वर सोडावे. त्या तेलाचा तवंग दिव्याखाली चमकतो आणि रस्सा जिवंत होतो. तेल एका चमच्यापेक्षा अधिक नको. कारण पुढे येईल.

पिठल्यासाठी जुन्या गादीतील फोमचे बारीक तुकडे हळदीच्या खळीत भिजवावेत. करपलेले दाखवावयाचे असल्यास पातेल्याच्या बुडाशी काळा रंग दिलेला कागद चिकटवावा आणि सुनेने तो उलथन्याने खरवडावा. खरवडण्याचा तो कर्कश आवाज कोणत्याही संवादापेक्षा बोलका असतो.

संमेलनाच्या दिवसांत आंबा मिळत नाही. त्यास लाल भोपळा हा घरचा उपाय आहे. उकडून, घोटून, किंचित पाणी घातलेला भोपळा हुबेहूब आमरसासारखा दिसतो, आणि तो खाण्याजोगाही असतो. गूळ घातल्यास मुले आवडीने खातात. येथे खरे व खोटे यांतील भेदच उरत नाही, ही त्याची मोठी सोय. भोपळ्यातल्या म्हातारीच्या नाटिकेत भोपळ्याचाच आमरस व्हावा, हा एक गमतीचा योग.

भाकऱ्या व पोळ्या कागदाच्या लगद्याच्या कराव्यात. आपल्याकडे पूर्वी घरोघरी स्त्रिया रद्दी भिजवून, कुटून, तीत वाटलेली मेथी घालून टोपल्या करीत. तोच लगदा येथे वापरावा. ताटलीवर थापून वाळविलेल्या चकतीवर गेरू व काजळीचे डाग दिले की भाकरी होते. ती वर्षानुवर्षे टिकते. पूर्णेसारख्या रेल्वेच्या गावात फलाटावरचा प्रवेश मुलांना सहज सुचतो. त्यात सांडणारा चहा मात्र खराच, पण थंड व कोरा असावा. त्याला पर्याय शोधण्याची गरज नाही.

लोणी आणि काला

बालकृष्णाच्या प्रवेशात मडक्याच्या तोंडाशी सरकी काढलेला कापूस भरावा व त्यास किंचित खळ लावावी. मडके फुटले की तो बाहेर येतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत लोणी म्हणून दिसतो. मात्र कापूस तोंडात घालावयाचा नाही. कृष्णाच्या ओठांना व गालांना लावण्यासाठी मडक्याच्या आत एका लहान वाटीत चमचाभर खरे लोणी अथवा घट्ट दही ठेवावे. गालावर दोन बोटे लागली की पुरे. सारे तोंड माखण्यात शोभा नाही.

मडके खरे फोडावयाचे असल्यास त्याच्या खापऱ्या अनवाणी पायांना लागतात, हे ध्यानात ठेवावे. कागदाच्या लगद्याचे, दोन अर्धे दोऱ्याने बांधलेले मडके केल्यास दोरा ओढताच ते उघडते. त्याच्या आत मूठभर खडे ठेवल्यास फुटल्याचा आवाजही मिळतो.

येथे एक विवेक करणे अवश्य आहे. खेड्यापाड्यांतून हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. तेथे दही, लाह्या, पोहे हे खरे असतात, कारण तो प्रसाद असतो. एखाद्या नाटिकेत काल्याचाच प्रसंग असेल व शेवटी तो प्रेक्षकांत वाटावयाचा असेल, तर तो पूर्णपणे खरा असावा आणि त्यातील एक कणही खाली पडू देऊ नये. खोट्या काल्याचे पातेले आणि खऱ्या काल्याचे पातेले एकाच ओट्यावर ठेवणे तर सर्वथा टाळावे.

तोंडावर दही फेकण्याचे विनोद शहरांतील चित्रपट पाहून आता खेड्यातही होऊ लागले आहेत. शाळेत फेकणे नको. ज्याच्या तोंडाला लावावयाचे त्याने डोळे मिटावेत, हनुवटी वर करावी, आणि दुसऱ्याने ते हाताने हलकेच गालांवर व कपाळावर दाबावे. नाक मोकळे राहिले पाहिजे. येथे फक्त दहीच वापरावे. ताकाचा फेस म्हणून रिठ्याचा अथवा साबणाचा फेस दुरून अतिशय चांगला दिसतो व रवीने घुसळताना त्याचा उपयोग करण्यास हरकत नाही. पण तो डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते, सबब तोंडाजवळ आणू नये.

वर्ज्य वस्तू

दही किंवा ताक म्हणून पाण्यात कालवलेला चुना वापरल्याचे काही ठिकाणी दिसते. चुन्याने डोळ्याचे कायमचे नुकसान होऊ शकते. नाटकाच्या साहित्यात चुन्याचा डबा असूच नये. पांढऱ्या रंगासाठी खळ व खडूची पूड पुरेशी आहे. शेंदूर हे शिशाचे संयुग आहे. रश्श्याच्या लाल रंगासाठी त्याचा उपयोग करू नये. होळीचे रंग व कापड रंगविण्याचे रंग हेही त्याच कारणास्तव वर्ज्य. सुटी, फार भडक पिवळी हळदही संशयास्पद समजावी. हळदीच्या मुलखात घरची दळलेली हळद मिळणे कठीण नाही. आणि एखाद्या मुलास शेंगदाणे अथवा दूध सोसत नसेल, तर ते पालकांना आधी विचारून घ्यावे. नाटकात ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य मुलाला नसते.

डाग आणि जमीन

अंगरख्यावर आमरस सांडला हे दाखविण्यासाठी अंगरखा खराब करण्याची गरज नसते. त्याच कापडाचा एक तुकडा आधी डागाळून, वाळवून, छातीपाशी वरच्या कडेने टाचावा व उलटा दुमडून टाक्याने अडकवावा. पात्राने वाटी कलंडण्याचा अभिनय करीत पाठ वळवावी, टाका ओढावा आणि पुन्हा प्रेक्षकांकडे वळावे. डाग दिसतो. हशा बहुधा टाळ्यांसह येतो.

तरीही वेष खराब होतातच. आणि वेष म्हणजे पुष्कळदा मुलाचा शाळेचा एकुलता एक गणवेश असतो. हळदीचा डाग साबणाने धुताच तांबडा होतो व आई घाबरते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हळद क्षारात तांबडी होते. तो डाग स्वच्छ पाण्यात खळबळून कडक उन्हात वाळविल्यास दोन-तीन दिवसांत फिकट होत जातो. हा प्रयोग वर्गात आधीच करून दाखविल्यास विज्ञानाचा एक पाठही होतो आणि मुले घरी जाऊन आईला तो समजावूनही सांगतात. गेरूचा डाग मात्र इतक्या सहजी जात नाही. म्हणून रश्श्याचा प्रसंग जुन्या कपड्यांवरच करावा.

सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे जमीन. शाळेचा ओटा बहुधा शहाबादी फरशीचा असतो. त्यावर खळ किंवा तेल सांडले आणि पुढच्या कार्यक्रमात तीस मुले अनवाणी लेझीम खेळू लागली, तर काय होईल हे सांगावयास नको. ओल्या फडक्याने पुसल्यास खळ अधिकच पसरते. यास्तव सांडलवंडीचा प्रवेश गोणपाटावर करावा. चार-पाच गोणपाटे उसवून, शिवून एक मोठे आंथरूण करावे आणि ते झोपडीतील जमीन म्हणून आधीपासूनच घातलेले असावे. त्यास एक टोक असे ठेवावे की जेथे कोणी उभे राहणार नाही. प्रवेश संपताच दोन मुलांनी ते चारी कोपऱ्यांनी मध्ये दुमडावे व गाठोडे करून न्यावे. ही दोन मुले ठरलेली असावीत व त्यांनीही तालीम केलेली असावी. त्यांचे काम महाराजांच्या कामापेक्षा कमी महत्त्वाचे नाही, आणि ज्या मुलाला संवाद पाठ होत नाहीत त्याला येथे मान मिळतो. कार्यक्रमपत्रिका आखताना असा प्रवेश शक्यतो सर्वांत शेवटी ठेवावा. त्यानंतर नृत्य अथवा कवायत ठेवू नये.

प्रयोगानंतरची आवराआवर त्याच रात्री व्हावी. खळ सकाळपर्यंत दगडासारखी वाळते आणि घरोघरीची पातेली खरवडत बसावे लागते. नुसत्या हळदीची खळ उकिरड्यावर टाकण्यास हरकत नाही. गेरू, रंग अथवा फोम मिसळलेली मात्र खड्ड्यात पुरावी, कारण उकिरड्यावरचे पीठ जनावरे चाटतात. भेंडाचे न वापरलेले तुकडे, लगद्याच्या भाकऱ्या, कापसाचे मडके, दुमडलेला डागाचा तुकडा हे सारे पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावे. डब्यावर मुलांकडूनच ठळक अक्षरांत ‘खाण्याचे नाही’ असे लिहून घ्यावे. ज्यांना अजून वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हा डबा पोषण आहाराच्या भांड्यांपासून दूर, उंच फळीवर ठेवावा.